अनोळखी म्हणजे कोण? मुलांची नजर तयार करणारे गटखेळ

"अनोळखी माणसाशी बोलायचं नाही." आपल्या घरातलं प्रत्येक पोर चालायला लागल्यापासून हे ऐकत असतं. मग तेच पोर आईबाबांसोबत नागपुरात बर्डीवर खरेदीला जातं, तिथे बाबांच्या जुन्या ऑफिसातलं कोणीतरी भेटतं आणि लगेच हुकूम सुटतो, "बेटा, काकांना नमस्कार कर. अबे, लाजून काय राहिला?" मुलाने त्या काकांना जन्मात पाहिलेलं नसतं. लिफ्टमध्ये गाल ओढणाऱ्या आजी, उन्हाळा लागला की कूलरच्या ताट्या बदलायला येणारा दादा, रोज नव्या चेहऱ्याचा पार्सलवाला हेही सगळे अनोळखीच. नियम अक्षरशः पाळायचा ठरवला तर मुलाला दिवस काढणं मुश्कील होईल.

या दोन उलट हुकमांतून मुलं बिचारी आपापला एक नियम काढून घेतात. दिसायला भीतीदायक तो अनोळखी, बाकीचे सगळे काका.

पटत नसेल तर सहा ते दहा वर्षांच्या मुलांना कागद-खडू द्या आणि 'अनोळखी माणूस' काढायला सांगा. त्रिमूर्ती नगरकडच्या आमच्या कॉलनीत रविवारी सकाळी मुलं जमतात, तिथे हे करून पाहिलं. कागदांवर दाढ्या आल्या, काळे गॉगल आले, खांद्यावर पोतं आलं. एकाने शिंगंही काढली. बाई कोणीच काढली नाही. इस्त्रीचा शर्ट घातलेला, मोपेडवर बसून हसणारा कॉलेजातला पोरगा कोणी काढला नाही. वरच्या मजल्यावरचे ओळखीचे काका काढण्याचा तर प्रश्नच नव्हता.

मोठ्यांच्या डोक्यातलं चित्रही याहून फार वेगळं नसतं, आणि गडबड तिथेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल पाहिले तर पॉक्सो कायद्याखालच्या लैंगिक अत्याचाराच्या गंभीर गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं ९० टक्क्यांच्या वर आहे. शेजारी, नातेवाईक, घरी येणारा-जाणारा. अपहरणाची प्रकरणं वेगळी असतात, पण त्यातही ओळखीचा माणूस निघतोच. २०१४ चं मुलाच्या अपहरणाचं ते प्रकरण नागपूरकर विसरलेले नाहीत. नाव-गाव इथे नको. त्या लेकराला घेऊन जाणारा माणूस पूर्वी त्याच्या घरच्यांकडेच कामाला होता, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. 'अनोळखी माणसापासून दूर राहा' हा नियम तिथे काय कामाचा?

म्हणून जगभरात हा धडा हळूहळू बदलतो आहे. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय केंद्राने 'अनोळखी म्हणजे धोका' ही भाषा सोडायला सांगितलं. ब्रिटनमधल्या 'अ‍ॅक्शन अगेन्स्ट अ‍ॅबडक्शन' या संस्थेने 'क्लेव्हर नेव्हर गोज' नावाचा कार्यक्रम काढला. त्याचा गाभा असा: समोरचा कोण आहे याचा विचार मुलाने करत बसू नये, तो काय करायला सांगतोय ते पाहावं. बोलायला हरकत नाही. पण तो 'माझ्यासोबत चल' म्हणाला आणि घरच्यांशी तसं आधी ठरलेलं नसेल, तर जायचं नाही. सांगणारा ओळखीचा असो की नसो. आमच्याकडे मुलांनी याचं तीन शब्दांत करून टाकलं: 'चल' म्हटलं, थांबलं.

आता हे सांगून भागत असतं तर खेळांची गरजच नव्हती. मुलाला विचारा, "कोणी चॉकलेट दिलं तर?" तो घडाघडा म्हणेल, "घ्यायचं नाही, घरी सांगायचं." प्रत्यक्षात कोणी गोड बोलून हात पुढे केला की तोच मुलगा चॉकलेट घेतो आणि वर थँक यू म्हणतो. उत्तर तोंडाला पाठ असतं, पायांना नसतं. १९८१ मध्ये अमेरिकेत शेरिल पोश आणि सहकाऱ्यांनी शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांच्या पायांना हे शिकवण्याचा प्रयोग केला. आधी काय करायचं ते सांगितलं, मग करून दाखवलं, मग मुलांकडून करून घेतलं आणि जिथे चुकलं तिथे लगेच दुरुस्त केलं. पुढे १९८८ मध्ये याच विषयावर झालेल्या अभ्यासात नुसती चित्रफीत पाहिलेल्या मुलांपेक्षा चित्रफीत पाहून वर सराव केलेली मुलं चांगली वागली. शाळेच्या हॉलमध्ये दोनशे पोरं बसवून व्याख्यान दिलं की काम झालं, असं मानणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं. गटखेळात सराव आपोआप होतो, दुसऱ्याचा सराव बघायला मिळतो आणि चुकलं तर हसून परत करता येतं.

पण त्याआधी नजर. धोका ओळखायचा तर आधी दिसायला हवा, आणि डोळे उघडे असले म्हणजे दिसतं असं नाही. १९९८ मध्ये डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन या मानसशास्त्रज्ञांनी एक गमतीदार प्रयोग केला. रस्त्यात एक जण येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता विचारतो. तो माणूस सांगू लागतो, तेवढ्यात दोघे जण एक मोठं दार उचलून दोघांच्या मधून नेतात. दाराच्या आडोशाने पत्ता विचारणारा बदलतो. उंची वेगळी, आवाज वेगळा, कपडे वेगळे. पत्ता सांगणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना माणूस बदलल्याचं कळलंच नाही. ते आपले पुढचा रस्ता सांगत राहिले. मेंदू समोरचं सगळं टिपत नाही. त्याला कामाचं वाटेल तेवढं घेतो आणि बाकीचं अंदाजाने भरून काढतो. तेव्हा निरीक्षण शिकवणं म्हणजे काय कामाचं आहे हे मेंदूला आधी सांगून ठेवणं.

सुरुवात ताटाच्या खेळापासून करावी. स्काउटमध्ये गेलेल्यांना हा 'किम्स गेम' म्हणून माहीत असेल. किपलिंगच्या 'किम' या १९०१ च्या कादंबरीतून स्काउट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने तो उचलला आणि १९०८ पासून स्काउटच्या पोरांना खेळायला लावला. सामान घरचंच लागतं. आम्ही ओट्यावर पेपर अंथरतो, तेच आमचं ताट, आणि त्यावर किल्ली, लिंबू, सेफ्टी पिन, बांगडी, बसचं तिकीट, दोन रुपयांचं नाणं, खोडरबर, काड्यापेटी, चहाची गाळणी, बुद्धिबळातला घोडा, निळ्या टोपणाचं पेन, संत्रागोळीचा कागद असं काहीबाही मांडतो. मुलं मिनिटभर बघतात, मग वरून दुपट्टा टाकायचा आणि आठवेल ते लिहायला सांगायचं.

पहिल्या फेरीत गंमत येते. लहानांना नाणं आणि गोळीचा कागद हमखास आठवतो, गाळणी कोणालाच नाही. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये लिहिलं होतं की माणूस एका दमात साधारण सात गोष्टी डोक्यात धरतो, दोन कमी किंवा दोन जास्त. नंतरच्या संशोधकांनी तर तो आकडा चारावर आणला. म्हणजे बारा वस्तू एकेक करून धरायला गेलं की निम्म्या सांडणारच. एखादं चलाख पोर मात्र वस्तूंच्या जोड्या लावतं: लिंबू-गाळणी चहाचे, खोडरबर-पेन दप्तरातले, नाणं-तिकीट बसमधले. आता त्याला बारा नाही, पाच-सहाच गोष्टी धराव्या लागतात. ही युक्ती आपण सांगून टाकायची नाही. जास्त आठवलेल्या मुलाला सगळ्यांसमोर विचारायचं, "तू कसं केलं बे?" पोरांकडून पोरं जे शिकतात ते मास्तरकडून शिकत नाहीत.

दुसऱ्या फेरीत यादी विचारायची नाही, प्रश्न विचारायचे. पेनाचं टोपण कोणत्या रंगाचं होतं? नाण्याची कोणती बाजू वर होती? किल्लीचं तोंड कोणाकडे होतं? तिसऱ्या फेरीत एक वस्तू उचलायची आणि दुसरी एक सरकवायची. उचललेली लगेच सापडते, सरकवलेली ओळखायला वेळ लागतो.

खरी मजा चौथ्या फेरीत आहे, आणि ती मुलांना आधी सांगायची नाही. सगळे ताटावर वाकलेले असताना मागून कोणाला तरी चालत जायला लावायचं. आमच्याकडे वॉचमन काका आले, मुलांच्या मागची खुर्ची उचलून निघून गेले. ताटावर दुपट्टा पडला आणि प्रश्न आला, "मागची खुर्ची कोणी नेली?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. एका मुलीने मात्र सांगितलं, "वॉचमन काकांनी. त्यांच्या एका हातात बादली पण होती." चौथीतली मुलगी, ताटाच्या खेळात तिचे गुण सगळ्यांत कमी होते. तिला त्या ताटाचा कंटाळा आला होता, म्हणून ती इकडेतिकडे बघत होती.

यावरून मुलाने सतत चौकस राहावं असा निष्कर्ष काढू नका. सतत चौकस मोठ्या माणसालाही राहता येत नाही, आणि राहणाऱ्याला आपण डॉक्टरकडे नेतो. मुलाने खेळताना खेळात बुडावं. आम्ही तीन जागा ठरवून दिल्या आहेत: गेटमधून बाहेर पडताना, स्कूल व्हॅनमधून उतरताना आणि दुकानातून निघताना. तिथे दोन श्वास थांबायचं आणि जवळ, लांब, मागे असं बघायचं. एवढंच. बाकी वेळ पोरांनी खुशाल पतंगाकडे बघत चालावं. (गाड्यांचं भान सुटलं तर कान धरायला आपण आहोतच.)

नंबरप्लेटचा खेळ नागपुरात विशेष रंगतो. गेटच्या आत ओट्यावर बसायचं आणि समोरून गेलेल्या गाडीचा नंबर सांगायचा. सुरुवातीला मुलं म्हणतात, इतके आकडे कसे लक्षात राहतील? मग त्यांना एम एच ३१ शहराचं, ४९ पूर्व नागपूरचं, ४० ग्रामीणचं हे कळतं. ३२ वर्धा, ३४ चंद्रपूर, ३६ भंडारा, २७ अमरावती. छिंदवाड्याची एम पी २८ दिसली की आरडाओरडा होतो. एकदा हे अंगवळणी पडलं की प्लेटचा पुढचा भाग एका शब्दात मावतो आणि डोक्यात धरायला शेवटचे चार आकडे उरतात. मिलरचं तत्त्व ओट्यावर बसल्या बसल्या. रंग आणि शेवटचे चार आकडे, एवढं मुलाला सांगता आलं तरी पोलिसांना ते भरपूर होतं.

यापुढचा खेळ माझा सगळ्यांत आवडता. याला आम्ही 'साक्षीदार' म्हणतो. मुलं भेंड्या लावत बसलेली असतात. तेवढ्यात कॉलनीबाहेरचा पण आमच्यापैकी कोणाच्या तरी ओळखीचा माणूस आत येतो, कोणाचं तरी घर विचारतो, एखादी वस्तू ठेवतो किंवा उचलतो आणि जातो. अर्ध्या मिनिटाचं काम. मग प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता वेगळं बसून लिहायचं किंवा कानात सांगायचं. आधी गप्पा झाल्या की संपलं. एकाने 'हिरवा शर्ट' म्हटलं की पाच जणांच्या डोक्यात हिरवा शर्ट शिरतो, आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांना तो खरंच आठवायला लागतो.

गुणांची पद्धत नीट समजून घ्या. बरोबर उत्तराला एक गुण, 'माहीत नाही' याला अर्धा आणि ठोकून दिलेल्या चुकीच्या उत्तराला वजा एक. शाळेत 'माहीत नाही'ला भोपळा मिळतो, म्हणून मुलं काहीतरी ठोकून द्यायला शिकतात. इथे ती सवय मोडायची आहे. दोन-तीन रविवार गेले की मुलं स्वतःच म्हणू लागतात, "शर्ट पक्का नाही माहीत, पण पायात चप्पल होती आणि तो एका पायावर जोर देऊन चालत होता." अशा वेळी त्यांच्या आईबाबांनी ऐकायला हवं.

काय बघायचं हेही याच खेळात बसतं. गॉगल, टोपी, शर्ट मिनिटात बदलता येतात. चाल, आवाज, बोलण्याची लकब, हातावरचं गोंदण, पायातलं चप्पल-जोडं घाईत बदलत नाही. उंची फुटांत विचारू नका, मुलांना तो अंदाज नसतो. "गेटच्या कोणत्या दांडीपर्यंत डोकं येत होतं?" असं विचारा, बरोबर दाखवतात.

आणि मोठ्यांनी प्रश्न विचारायला शिकायचं, हा या खेळाचा दुसरा अर्धा भाग. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताच्या फिती दाखवल्या. मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या धाडकन आदळल्या तेव्हा वेग किती होता? फिती त्याच. पहिल्यांनी सरासरी ताशी सुमारे ५१ किलोमीटर सांगितला, दुसऱ्यांनी सुमारे ६५. प्रश्नातल्या एका शब्दाने मोठ्यांची आठवण वाकते, मग सहा वर्षांच्या पोराची काय कथा. घाबरलेली आई विचारते, "त्यानं लाल शर्ट घातला होता ना? त्यानं तुझा हात धरला होता ना?" मूल आईला खूश करायला मान डोलावतं. अशा वेळी "काय झालं ते सांग" आणि "मग?" हे दोनच प्रश्न. दहा मिनिटं गप्प बसणं आपल्याला जमत नाही, हा मुख्य अडसर आहे.

इथे कानगोष्टींचा खेळ एकदा जोडून घ्यावा. सगळ्यांना येतो, समजावायला नको. पहिल्याच्या कानात 'गेटपाशी एक माणूस मुलांना पत्ता विचारत होता' असं सांगायचं आणि शेवटच्याकडून काय निघतं ते मोठ्याने वाचायचं. शेवटी तो माणूस काय काय करून बसतो ते ऐकून पोरं लोळून हसतात. मग मोठ्या मुलांना, बारा-तेरा वर्षांच्या, राईनपाड्याबद्दल सांगावं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत हिंडणारे लोक. मुलं पळवणारी टोळी आली आहे ही अफवा मोबाइलवरून फिरत होती आणि यांचा वेश लोकांना 'तसा' वाटला. आपल्या पोरांनी कागदावर काढलेला पोतंवाला माणूस आठवा. नुसती भीती शिकवली आणि बघायला शिकवलं नाही, तर संशय गरिबावर, फिरस्त्यावर, भाषा वेगळी असणाऱ्यावर जाऊन बसतो आणि इस्त्रीच्या कपड्यातला खरा गुन्हेगार बाजूने निघून जातो. मुलांना चेहऱ्यापेक्षा वागणूक बघायला शिकवायचं, त्याचं हे दुसरं कारण. मला ते पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता मुख्य खेळ, गेटचा. खडूने जमिनीवर रेघ मारायची, हे कॉलनीचं गेट. आत मुलं, बाहेर 'पाहुणा'. पाहुणा नेहमी मुलांच्या ओळखीतला मोठा माणूस घ्यायचा. तो गळ्यात ओढणी टाकतो तेव्हा खेळ सुरू, काढतो तेव्हा संपला, म्हणजे लहानांच्या मनात गोंधळ राहत नाही. १९८१ च्या त्या अभ्यासात मुलांना नेणाऱ्याची तीन प्रकारची आमिषं वापरली होती. साधं 'चल ना फिरायला', मोठ्यांच्या नावाने 'तुझ्या मॅडमनी सांगितलंय' आणि बक्षिसाचं 'गाडीत तुझ्यासाठी गंमत आहे'. आपल्याकडे आणखी दोन चालतात: घाबरवणं आणि मदत मागणं.

आमच्या एका काकूंनी घाबरवण्याचं असं काही वठवलं की मोठेही दचकले. "अगं ए, तुझ्या आईले चक्कर आली, मेडिकलले नेलं तिले! तिनंच मले पाठवलं. बस लवकर गाडीवर!" पहिली मुलगी रडवेली होऊन रेघ ओलांडून गेली. दुसऱ्या मुलाने वकिली सुरू केली, "कोणत्या वॉर्डात? कधी आली चक्कर? मग बाबांनी फोन का नाही केला?" काकूंकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. बोलता बोलता त्या दोन पावलं पुढे सरकल्या आणि त्याचा हात त्यांच्या हातात होता. तिथे खेळ थांबवून सगळ्यांना विचारलं, कुठे चुकलं? मुलांनीच सांगितलं, "तो बोलत बसला." खरं आहे. मूल हुशार असेल तर ते वाद घालतं, आणि मोठ्या माणसाशी वादात मूल हरतं.

म्हणून उत्तर एकच आणि छोटं. "घरी विचारून येतो." म्हणता म्हणता मागे सरकायचं, हात पोहोचणार नाही इतकं अंतर ठेवायचं आणि वळून पळायचं. हे वाक्य मुद्दाम निवडलं आहे. आपल्या मुलांना मोठ्यांना 'नाही' म्हणणं जड जातं, उद्धटपणा वाटतो. 'विचारून येतो' ते सहज म्हणतात आणि ते खरंही असतं. घरी कोणी नसेल तर कुठे जायचं ती दोन घरं आधी ठरवलेली हवीत, आणि त्या घरांना तसं सांगितलेलंही हवं. घरचा गुप्त शब्द ठरवण्याची पद्धत चांगली आहे, पण लहान मुलं तो आठवड्याभरात अर्ध्या वर्गाला सांगतात, तेव्हा सगळा भार त्यावर टाकू नका.

कोणी धरलंच तर ओरडायचं, आणि काय ओरडायचं हेही ठरवायचं. नुसता आरडाओरडा मैदानात रोजचाच असतो, हट्टी पोराला बाप ओढून नेतोय असं बघणाऱ्याला वाटतं. "मी यांना ओळखत नाही!" किंवा ओळखीचा असेल तर "हे माझे बाबा नाहीत!" या वाक्याने लोक वळून बघतात. लाजरी मुलं सुरुवातीला पुटपुटतात, त्यांना आधी सगळ्यांसोबत कोरसमध्ये ओरडू द्या. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी ११२ लावेल. दुपारी दोन ते चार हा खेळ घेऊ नये हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरून ते फार स्पष्ट शब्दांत सांगण्यात आलं आहे.

मोबाइलवर असतात तसले 'परीक्षा घेणारे' प्रकार, म्हणजे अनोळखी माणूस पाठवून मुलाची चोरून फजिती करायची आणि त्याचं चित्रण करायचं, ते अजिबात करू नका. मुलाला त्यातून एवढंच कळतं की घरच्यांनी आपल्याला फसवलं.

उलट बाजूही शिकवायला लागते. मूल हरवलं तर त्याला अनोळखी माणसाचीच मदत घ्यावी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा इतवारी-महालातली गर्दी आठवा, किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाची दीक्षाभूमी. तिथे 'कोणाशी बोलू नको' म्हणणं घातकच. आमचा खेळ असा: बाजाराचं मोठं चित्र किंवा फोटो समोर ठेवायचा आणि विचारायचं, यातल्या कोणाकडे जाशील? पहिली पसंती गणवेशातले पोलीस, मग काउंटरच्या मागे उभा दुकानदार किंवा मदत केंद्रावरचे लोक, मग लहान मुलं सोबत असलेली बाई. महत्त्वाचं म्हणजे मुलाने स्वतः निवडायचं. आपण होऊन जवळ येणाऱ्यापेक्षा आपण निवडलेला माणूस बरा. आणि हरवलो असं लक्षात आलं की तिथेच थांबायचं, आईबाबांना शोधत फिरायचं नाही. सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला एक मोबाइल नंबर तोंडपाठ हवा. तो पाढ्यासारखा चालीत म्हणून घेतला की राहतो.

तान्हा पोळा हा या सगळ्याचा वार्षिक पेपर. मारबतीच्याच दिवशी पोरं लाकडी बैल सजवून दारोदार जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. वर्षभर 'कोणाकडून काही घेऊ नको' म्हणायचं आणि त्या दिवशी आपणच हातात बैल देऊन पाठवायचं. सण बंद करा असं कोणीही म्हणणार नाही, निदान नागपुरात तरी नाही. चार जणांच्या खाली जायचं नाही, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं, बोजारा बाहेरच घ्यायचा, कोणी आत बोलावलं तर 'घरी विचारून येतो', आणि खाऊ घरी आणून मगच उघडायचा. आदल्या रविवारी हा सगळा प्रसंग बैलांसकट खेळून घ्यावा. लहानगे बैलाचं दोर ओढण्यात इतके गुंगतात की उंबरा कधी ओलांडला ते त्यांना कळत नाही. खेळात ते दिसतं आणि तिथेच सुधारता येतं.

मोबाइलवरच्या खेळांत भेटणारे 'मित्र' हा वेगळा लेखच होईल. नियम तोच लागू पडतो: तो कोण आहे ते कळणं शक्य नाही, काय मागतोय ते बघा. फोटो, पत्ता, किंवा 'घरी सांगू नको' यातलं काहीही आलं की फोन मोठ्यांच्या हातात.

'घरी सांगू नको' वरून शेवटचा खेळ, 'गंमत की गुपित'. चिठ्ठ्यांवर प्रसंग लिहायचे. 'ताईच्या वाढदिवसाचा केक लपवलाय' ही गंमत. ती काही दिवसांनी सगळ्यांना कळणार असते आणि कळल्यावर सगळे हसतात. 'दादा म्हणाला आपण खेळलो ते कोणाला सांगू नको' हे गुपित. ते कधीच कळू द्यायचं नसतं आणि पोटात गोळा येतो. मुलं चिठ्ठी उघडतात आणि आपापल्या रांगेत जाऊन उभी राहतात. ओळखीच्या माणसाकडून होणारा त्रास हा बहुतेक वेळा गुपित म्हणूनच सुरू होतो, म्हणून मला हा खेळ गेटच्या खेळाइतकाच गरजेचा वाटतो.

आणि हा खेळ घेणाऱ्याने तयारीत राहावं, कारण यात कधीतरी एखादं मूल खेळ संपल्यावर मागे रेंगाळतं आणि काहीतरी सांगतं. तेव्हा इतर मुलांसमोर विचारायचं नाही. चेहरा शांत ठेवायचा, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं, आणि ते जेवढं सांगेल तेवढंच, त्याच्याच शब्दांत, नंतर लिहून ठेवायचं. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलावर, मुलगा असो की मुलगी, लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर ते कळवणं बंधनकारक आहे, मग कळणारा शेजारी असो की खेळ घेणारा. १०९८ ही बालकांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, तातडी असेल तर ११२. पोलीस ठाण्यात मुलाला ओढून न्यावं लागेल या भीतीने लोक गप्प बसतात. कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असायचं नसतं.